सगळेच कमी करायलेत

भाऊबीज होऊन गेली होती, सकाळी कुरिअर घ्यायला खाली गेले. वॉचमनच्या केबिनचं दार अर्धं उघडं, आत टेबलावर सोनपापडीचे डबे एकावर एक रचलेले. पिवळे, लाल, एकाला चंदेरी रिबीन आणि रिबिनीत कुणाचं तरी व्हिजिटिंग कार्ड तसंच खोचलेलं. बाजूला ड्रायफ्रूटचा तो चौकोनी ट्रे, काजू-बदामाचे कप्पे रिकामे आणि मनुकांचा तेवढा भरलेला, म्हणजे वरच्या कुठल्यातरी घरात निवडून झाल्यावर खाली आलेला. विझलेल्या मच्छर अगरबत्तीचा आणि डालड्याचा मिळून एक कोंदट वास. मामा रजिस्टरमध्ये टँकरची वेळ लिहीत होते. पाकीट हातात देताना म्हणाले, "ताई, एक डबा घेऊन जावा की." मी सवयीनं बोलून गेले, "नको हो मामा, आम्ही गोड कमी केलंय." तर ते हसायलाच लागले. "सगळेच कमी करायलेत, म्हणून तर सगळं माझ्याकडं यायलंय."

आणि मग रजिस्टर मिटता मिटता, टँकर आला सांगावं तितक्या सहज, "अन् मला तर शुगर निघाली."

लिफ्टमध्ये आरशासमोर उभं राहून मी ते वाक्य घोळवत होते. आमची सोसायटी सिंहगड रोडच्या आत, धायरीच्या बाजूला. लय श्रीमंत नाही, आयटीतले, बँकेतले, दोन-तीन रिटायर्ड प्राध्यापक, एक डेंटिस्ट. पण गेल्या काही वर्षांत खाण्याबद्दल आम्ही भयंकर शहाणे झालोय. ज्या घरात पूर्वी पाहुण्याला चहाबरोबर चिवडा-लाडू यायचा तिथे आता मखाणे येतात, कुणाचं इंटरमिटंट फास्टिंग (ठरावीक तास उपास) चालू असतं, कुणी ग्लुटेन सोडलंय, जिना चढताना मनगटावरचं घड्याळ पावलं मोजतंय. त्यामुळे दिवाळीला ऑफिसातून, बँकेतून, बिल्डरकडून आलेले डबे घरात नुसते फिरतात. टाकवत नाहीत, कारण अन्न आहे. खाववत नाहीत, कारण आपल्याला कळतं. मग ते कामवाल्या मावशींना, इस्त्रीवाल्याला, वॉचमनला जातात, आणि देताना मनाला बरंही वाटतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. साखर आणि तूप असं मजल्यामजल्याने खाली उतरत पार्किंगपर्यंत येतं. आणि पार्किंगच्या खाली कोणी नाही.

मामा आडवे नाहीत. लठ्ठ म्हटल्यावर डोळ्यासमोर येतं तसं काहीच नाही. हात-पाय काटकुळे, गाल बसलेले, मानेची हाडं दिसतात. फक्त पोट. एजन्सीचा निळा शर्ट खांद्यावर ढगळ लोंबतो आणि पोटावरचं एक बटण कायम ताणलेलं, त्याच्या फटीतून बनियन दिसतो. पट्टा पोटाच्या खालून जातो. वय विचारलं तर कागदावर 1 जून (आपल्याकडे अर्धा मराठवाडा 1 जूनलाच जन्मलाय, शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली तारीख), साल मात्र पक्कं माहितीय, दुष्काळाचं. गाव बीड जिल्ह्यात, पाटोद्याच्या पुढे. आधी ऊसतोडीला जायचे, मग कंबर गेली, मग पुणे. शुगर कळली ती पण आमच्याच कृपेनं, गणपतीत सोसायटीने तपासणी शिबिर ठेवलं होतं, सगळ्या रहिवाशांचं झाल्यावर शेवटी स्ट्रिपा उरल्या म्हणून डॉक्टरबाई म्हणाल्या, या मामा, तुमचंही बघू. आमच्यात दोघांना नवीन निघाली, दोघेही त्या रात्री गुगल करत बसले असणार. मामांनी चिठ्ठी घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली आणि परत गेटवर जाऊन बसले.

त्यानंतर मी त्यांचं खाणं जरा लक्ष देऊन बघायला लागले (दुसऱ्याचं खाणं बघणं वाईट, हे माहितीय, पण केबिनला काच आहे). बारा तासांची ड्युटी. सकाळी घरून निघताना चहा आणि खारी. मग पहिल्या मजल्यावरच्या काकूंचा चहा, साखर भरपूर, कारण काकूंना स्वतःला आता बिनसाखरेचा प्यावा लागतो आणि बहुतेक त्याची भरपाई त्या मामांच्या कपात करतात. मग भाजीवाला, पाणीवाला, कुणीतरी आलं की टपरीवरचा चहा, बरोबर पाच रुपयांचा बिस्किटपुडा. दुपारी डबा, चार चपात्या, बटाट्याची नाहीतर पातळ डाळीची भाजी, भात. संध्याकाळी परत चहा आणि कोपऱ्यावरचा वडापाव. जेवण म्हणाल तर दोनदाच. म्हणजे 2018च्या आसपास अख्खा महाराष्ट्र ज्या दीक्षित डाएटच्या मागे लागला होता, दोनदा जेवा, 55 मिनिटांत संपवा, त्या हिशोबाने मामा न सांगता दीक्षितवालेच. मधल्या चहा-बिस्किटांनी सगळा घोळ केलेला. आणि 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणं, ते गेट सोडून कसं जमायचं? गेट सोडलं की ग्रुपवर फोटो येतो, "वॉचमन कुठे आहे??"

तेव्हाची धमाल आठवते ना. आमच्या ऑफिसात सरळ दोन पक्ष पडले होते, एक दोनदा खाणारे आणि एक दर दोन तासांनी खाणारे, जेवणाच्या टेबलावर इन्सुलिनवर भांडणं व्हायची, जणू सगळे एमडी मेडिसिन. मला त्यात एक गोष्ट आवडली होती, की पैसे लागत नव्हते, पावडर विकत घ्यायची नव्हती, साधा माणूस करू शकेल असं काहीतरी होतं. खूप जणांची वजनं उतरली, हेही पाहिलं. पण दोन्ही पक्ष "मी कधी खाऊ" यावर भांडत होते. आपल्यासमोर काय ठेवलं जातं, ते कोण ठेवतं, कुठल्या भावाला पडतं, यावर कुणी हमरीतुमरीला आल्याचं आठवत नाही.

दुष्काळाचं साल म्हटल्यावर मला आई आठवली. ती करमाळ्याकडची, 72 साली शाळेत होती. तिच्याकडून ते सगळं इतक्या वेळा ऐकलंय की मीच तिथे होते असं वाटतं. अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी, तिची काळपट भाकरी, घासाघासाला पाणी पिऊन गिळायची. रस्त्याच्या कडेला बायकांच्या रांगा, हातोड्याने खडी फोडतायत, डोळ्यांवर जाळीचे चष्मे असतील तर असतील, पोरं शेजारी गोधडीवर. आणि सुकडी. भाजलेलं पीठ, गूळ, तेल. आई अजूनही सुकडी म्हटलं की आधी वासाबद्दलच बोलते, खमंग, गरम, भुकेल्या पोटी नाकात शिरणारा. 1973च्या मे महिन्यात राज्यात जवळपास 50 लाख माणसं अशा दुष्काळी कामांवर होती. पाझर तलाव, रस्ते, नालाबांध, आज आपण ज्या रस्त्यांवरून गाडी पळवतो त्यातले कितीतरी. त्यातूनच पुढे रोजगार हमी आली, आणि खरंच, त्या कामांनी माणसं जगवली. मामांची आई त्या 50 लाखांतली एक, आणि तिच्या पोटात मामा. "माझी माय म्हणायची, तू खडीवरचाच," असं ते हसत सांगतात. पोटुशी बाई दिवसभर दगड फोडतेय आणि खातेय काय, तर मिलोची भाकरी, मिरची आणि कामावर मिळालेली सुकडी, त्यातली पण अर्धी मोठ्या पोराला.

याच्यापुढचं जे आहे ते आपल्या पुण्यातच शोधलं गेलंय आणि तरी पुण्यातल्या डाएटवाल्या गप्पांत ते फार क्वचित येतं. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांची टीम, त्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. या बायकांचं दिवस जाण्याआधीचं सरासरी वजन 41-42 किलो. दिवसभर शेतात, घरी पाणी, जळण, धुणं. त्यांची बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. इथपर्यंत काही नवल नाही. नवल पुढे आहे. आपली बाळं सगळ्या बाजूंनी लहान होती, पोट लहान, म्हणजे आतले अवयव लहान, स्नायू कमी, पण पाठीवर चिमटा घेऊन कातडीखालची चरबी मोजली तर ती मात्र फारशी कमी नव्हती. एवढंसं, सुरकुतलेलं, कृश दिसणारं बाळ, आणि त्याने चरबी तेवढी जपून ठेवलेली. याज्ञिकांनी त्याला थिन-फॅट म्हटलं, म्हणजे दिसायला बारीक पण आतून चरबीचं, आणि आता जगभर तोच शब्द चालतो.

त्यांचा स्वतःचाच एक फोटो प्रसिद्ध आहे, 2004 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला. शेजारी शेजारी दोन शास्त्रज्ञ, एक लंडनचे जॉन युडकिन, एक आपले याज्ञिक. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या हिशोबात वजन, सेम टू सेम, 22.3. आणि अंगातली चरबी? युडकिनांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. तो फोटो मी बराच वेळ झूम करून बघत बसले होते. दोघंही छान सडपातळ. मशीनने सांगितलं नसतं तर कुणाला पत्ता लागला नसता. आपल्याकडे बीएमआय 23च्या पुढे गेला की सावध व्हा, पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटर आणि बाईची 80च्या वर नको, हे जे वेगळे आकडे सांगतात ते यामुळेच. म्हणजे मामांचे काटकुळे हात आणि ते ताणलेलं बटण, दोन्ही एकाच गोष्टीचे भाग आहेत.

आता मामांची शुगर 72च्या दुष्काळातून आली, असं मी म्हणत नाही. एका माणसाबद्दल असं कुणालाच म्हणता येणार नाही, ऊसतोड, बैठी ड्युटी, जागरण, चहा, सगळंच त्यात आहे. पण हे वाचल्यापासून माझी एक जुनी सवय सुटली. ढेरी सुटलेला माणूस दिसला की मनात आपोआप जे येतं ना, "खाण्यावर ताबा नाही", ते आता येता येता अडखळतं. जो माणूस आईच्या पोटापासून कमीवरच जगलाय, ज्याच्या शरीराने टंचाईचा हिशोब धरून स्वतःला बांधलंय, त्याला चाळिशीनंतर एकदम स्वस्त साखर, स्वस्त तेल आणि प्लास्टिकची खुर्ची मिळाली. ताबा कशावर ठेवायचा त्याने.

आणि हे एकट्या मामांचं नाही. 2023 साली आलेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) मोठ्या पाहणीत देशात 10 कोटींवर माणसं मधुमेहाची निघाली आणि पोट सुटलेली त्याहून कितीतरी जास्त, प्रौढांत शंभरातली जवळपास 40. मला त्याहून जास्त टोचला तो राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतला बायकांचा आकडा. कंबरेच्या घेराने मोजलं तर पोट सुटलेल्या बायका 40 टक्के आणि पुरुष 12 टक्के. आणि त्याच पाहणीत निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी. जाड पण आणि रक्त पण नाही. हे वाचून मला आश्चर्य वाटायला हवं होतं पण वाटलं नाही, कारण मामांच्या बायको, आमच्या मामी, रोज डोळ्यासमोर आहेत.

मामी आमच्याच बिल्डिंगमध्ये चार-पाच घरी कामाला. त्यांचं सकाळचं काहीच नसतं, नवऱ्याचा डबा करून उपाशी निघतात. मग पहिल्या घरी चहा, दुसऱ्या घरी चहा आणि रात्रीची पोळी, तिसऱ्या घरी वाढदिवसाच्या केकचा उरलेला कोपरा, क्रीम सुकलेला. कुणीही वाईट हेतूने देत नाही, प्रेमानेच देतात. पण कुणाच्याही घरून मामींना कधी पालकाची भाजी नाहीतर दोन उकडलेली अंडी मिळालेली मी पाहिली नाहीत, कारण त्या गोष्टी उरत नाहीत. उरतं ते काय, तर भात, पोळ्या, केक, फरसाण, सोनपापडी. आणि त्यात मामींच्या स्वतःच्या घरी रात्री सगळ्यांचं झाल्यावर त्या जेवणार, पातेल्यातली भाजी तोपर्यंत संपलेली, रस्सा तेवढा खाली, त्यात भात कालवून खायचा. माझी आजी पण हेच करायची. पोरांच्या ताटातलं उचलून स्वतःच्या तोंडात, अन्न टाकायचं नाही म्हणून. तिला आयुष्यभर सगळे म्हणायचे, ही खाते काय कुणास ठाऊक, वाऱ्यावर जाड होते.

"ताई, मला खायला टाइमच न्हाई अन् तरी सुटत चाललेय मी," मामी म्हणतात. मी काय उत्तर देणार.

गावाकडे काय खायचा, असं विचारलं की मामांचा चेहरा उजळतो. ज्वारीची भाकरी, पाथरीची भाजी, घोळू, तांदुळजा, हरभऱ्याचा पाला वाळवून ठेवलेला, तुरीच्या शेंगा मिठात उकडून, शेंगदाण्याची चटणी, हुलग्याचं माडगं. दूध विकायचं, ताक घरी. ऐकताना तोंडाला पाणी सुटतं, आणि लगेच एक धोका पण असतो, की आपण शहरातली माणसं याचं फार गोडगोड चित्र करतो. त्यांनीच एकदा मला थांबवलं, "आवं ताई, हे सगळं रोज नसायचं. उन्हाळ्यात भाकर अन् मीठ-मिरचीबी असायची." बरोबर आहे. जुनं सगळं पौष्टिक असतं तर त्यांच्या आईचं वजन चाळीस किलो का असतं?

पण भाकरी सुटली कशी, ती गोष्ट मात्र सरळ पैशाची आहे. अन्न सुरक्षा कायदा 2013 साली आला तेव्हा त्यात तांदूळ 3 रुपये, गहू 2 रुपये आणि भरड धान्य 1 रुपया किलो असं लिहिलेलं, म्हणजे ज्वारी-बाजरीचं नाव कागदावर होतं. प्रत्यक्षात रेशनच्या पिशवीत वर्षानुवर्षं बहुतेक करून गहू-तांदूळच येत राहिले, आता 2023 पासून तर फुकट. पोट भरतंय, ही गोष्ट छोटी नाही, ज्यांनी मिलो खाल्लीय त्यांना विचारा. पण ज्याला गहू-तांदूळ फुकट मिळतो तो बाजारात गव्हाहून महाग ज्वारी कशाला घेईल, आणि कोपऱ्यावरच्या खानावळीत एका भाकरीला जे मोजावं लागतं त्यात वडापाव येतो. ज्वारी आता आमच्या मजल्यावर आली. रिटायर्ड प्राध्यापकांच्या घरी रोज भाकरी, आमच्याकडे नाचणीचा डोसा, आणि ज्यांनी ती पिकवली ते चपातीवर. तेलाचं तसंच. देशाला लागतं त्यातलं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येतं, त्यात पाम तेलाचा वाटा मोठा, आणि ते बिस्किटात, खारीत, फरसाणात, टपरीच्या कढईत सगळीकडे जिरलंय. पाच रुपयांत बिस्किटपुडा येतो तसं पाच रुपयांत एक केळंही येतं, असं मी एकदा हुशारीने मामांना म्हणाले. ते म्हणाले, "पुडा खिशात चार दिवस ऱ्हातोय. अन् चहासंगं केळं कोण खातंय, ताई?"

दिवाळीनंतरच्या मीटिंगमध्ये मी विषय काढला. अजेंड्यावर लिफ्टच्या देखभालीचा करार, गळती आणि कुत्र्यांचा प्रश्न, त्याच्या शेवटी "इतर". म्हटलं, पुढच्या वर्षीपासून खालच्या लोकांना उरलेले गोडाचे डबे नको द्यायला, वाटल्यास प्रत्येक घराकडून रोख जमा करू. यावर जी चर्चा झाली ती मी जन्मात विसरणार नाही. एक काका म्हणाले, सणाला गरिबाच्या तोंडात गोड पडू नये का? एकीने सुचवलं, मिलेट कुकीजचे हँपर देऊ, तिची मैत्रीण बनवते, 450 रुपये. डेंटिस्ट म्हणाले साखर कोणालाच नको, आपल्या मुलांना पण नको, मग सीबीएसईने शाळांमध्ये शुगर बोर्ड लावायला सांगितलेत त्यावर गाडी गेली, कोल्ड्रिंकच्या एका बाटलीत किती चमचे साखर असते याचा फलक, चांगलीच गोष्ट आहे, आणि तसाच फलक आपल्या क्लबहाऊसमध्ये लावावा असा ठराव झाला. सगळे खूश. मामा दाराशी उभे राहून पाण्याच्या बाटल्या देत होते. शेवटी कुणाला तरी सुचलं की त्यांनाच विचारू.

त्यांनी मागितली शेगडी. केबिनमध्ये एक लाइटवरची शेगडी द्या, म्हणाले. डबा सकाळचा, रात्रीपर्यंत आंबतो, गार होतो, म्हणून मग टपरीवर जावं लागतं. शेगडी असली तर डाळ गरम करता येईल, अंडं उकडता येईल, रात्रीच्या पोराला (म्हणजे नवीन वॉचमन, बिहारचा, जेमतेम विशीतला, तो तर नुसत्या चाऊमीनवर जगतो) पण उपयोग होईल. मी इतकं पोषणावर वाचलं होतं, प्रथिनं, बी-12, थिन-फॅट, पण शेगडी मला सुचली नव्हती. खजिनदारांना वीजबिलाची काळजी, सेक्रेटरींना वायरिंगची. "उद्या ते तिथं पूर्ण स्वयंपाक करतील," असंही कुणीतरी म्हणालं, म्हणजे ते झालं तर नेमकं काय बिघडेल ते नाही सांगितलं. लांबत लांबत शेगडी आली. जुनी, डेंटिस्टकडून, त्यांनी नवीन इंडक्शन घेतलं म्हणून. म्हणजे तीही वरून उरूनच खाली आली. पण ही उरलेली वस्तू कामाची निघाली. काकूंच्या चहातली साखर मात्र कमी झाली नाही, मी सांगून बघितलं, त्या म्हणाल्या, "अगं, फिका चहा कसा देऊ माणसाला."

या सगळ्यात मामांची खरी काळजी स्वतःची नाहीच. त्यांची धाकटी मुलगी तिकडे सासरी, लग्नाला वर्ष झालेलं, पोरगी अगदी बारीक, आणि आता दिवस गेलेत. अंगणवाडीतून शिधा मिळतो, पण ती खात नाही, शेळीला घालते असं सासू सांगते. मामा मला विचारत होते, टॉनिक कुठलं पाठवू. मला एकदम मुंबईचा तो प्रयोग आठवला आणि मी केबिनच्या दारात उभी राहून त्यांना तो सगळा सांगितला. 2006 साली मुंबईच्या वस्त्यांमध्ये सुरू झालेला, साडेसहा हजारांवर बायका त्यात होत्या. दिवस जायच्या आधीपासून, रोज, त्यांना एक छोटा खाऊ द्यायचा. निम्म्या बायकांच्या खाऊत पालेभाज्या, फळं आणि दूध, उरलेल्या निम्म्यांच्या खाऊत बटाटा-कांदा असलं साधंच. दोन्हीचं रूप समोशा-वड्यासारखं. बाळांच्या वजनात खूप फरक पडला का, तर नाही, ज्यांनी दिवस जायच्या तीन महिने तरी आधी खायला सुरुवात केली होती त्यांच्या बाळांत सरासरी 48 ग्रॅमचा. हातावर घेतलं तर कळणार पण नाही. पण आणखी एक गोष्ट निघाली, गरोदरपणात होणारी शुगर बटाटा-कांदावाल्यांत 12.4 टक्के बायकांना आणि पाला-फळं-दूधवाल्यांत 7.3 टक्केच बायकांना. पाल्याने, फळाने, रोजच्या एका खाऊने. हे सांगताना मला वाटत होतं की आपण उगाच लेक्चर देतोय, कारण मुलीला दिवस गेलेलेच होते, आधीचे महिने निघून गेलेले. पण मामा "शुगर कमी" या शब्दांवर थांबले. खिशावर हात गेला, तिथे त्यांची चिठ्ठी असते.

दिवाळीत हातात आलेल्या रोख पैशांतून त्यांनी पाटोद्याला शेंगदाणे, गूळ, खजूर आणि अंड्यांसाठी म्हणून पाचशे रुपये पाठवले. मुलीचा फोन आला. ते सगळं ठीक आहे म्हणाली, पण पप्पा, मला तर शेवपुरी खावीशी वाटायलीय, इथं मिळत न्हाई.

परवा मला गेटवर थांबवलं, रजिस्टर बाजूला ठेवून, अगदी गंभीरपणे.

"ताई, ते मुंबईवाले समोशात पाला घालत व्हते ना, मग शेवपुरीत मेथी घातली तर चालंल का, विचारता का कुणाला?"